उजव्या बाजूची पानं

सर,

त्या शनिवारी आपण ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलो होतो. हडपसरच्या पुढे, जिथे तेव्हा घरं संपून उसाची शेतं सुरू व्हायची. परतीची बस चुकली होती, पुढची तासाभराने होती. तुम्ही शबनम झोळीतून काकडी काढली, छोट्या सुरीने उभी चिरली आणि फिल्मच्या रोलची काळी डबी उघडून तिच्यातलं मीठ वरून भुरभुरवलं. मी डबीकडे बघत राहिले तेव्हा म्हणालात, "कॅमेरा विभागाचा, रोल विभागाचा. डबी तेवढी माझी आहे, बाई." मुलं हसली. वनस्पतिशास्त्राची, अर्थशास्त्राची, सिव्हिल इंजिनिअरिंगची, दोन कायद्याची. एरवी एकमेकांची तोंडंही न बघणारी ती सगळी मुलं एका ओळीत पाय सोडून काकडी खात बसली होती. खाली ओढ्यात थेंबभर पाणी नव्हतं. तेव्हा त्यात मला काही खटकलं नाही.

तो अभ्यासक्रम म्हणजे तुमचा हट्ट होता. आज त्याला शाश्वत विकास म्हणतात, आंतरविद्याशाखीय म्हणतात आणि प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात त्याचं हिरवं पान असतं. तेव्हा शहरात सगळ्यांना फक्त कॉम्प्युटरचा कोर्स हवा होता. अभ्यास मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तुम्हाला विचारलं होतं, "पण हा विषय नेमका कोणत्या विभागाचा?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "ओढ्याला विचारून सांगतो." मी नुकती नोकरीला लागलेली अर्थशास्त्राची अधिव्याख्याती, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, टापटिपीची. मला तुमच्या त्या उत्तराची भीती वाटली होती. कोणी रागावेल, असं वाटलं. कोणी रागावलं नाही. एक वर्ष करून दाखवा, अहवाल द्या, मग मान्यतेचं बघू, असं ठरलं.

तुमची पद्धत मी अजून डोळे मिटून सांगू शकते. प्रत्येक गटाला एक लांब वही. उघडली की डाव्या पानावर मोजलेलं लिहायचं आणि उजव्या पानावर ऐकलेलं. मोजणारा त्या विषयाचा नसावा, म्हणून इंजिनिअरिंगची मुलं गवताच्या जाती लिहीत आणि वनस्पतिशास्त्राची मुलं उसाचा भाव विचारत फिरत. उजवं पान कशाला, असं मी पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं. "डावं पान म्हणजे थर्मामीटर. ताप आलाय ते कळतं, कुणाला आलाय ते कळत नाही," असं तुमचं उत्तर. आणि प्रत्येक विहिरीपाशी, प्रत्येक हापशापाशी तुम्ही मुलांना एकच प्रश्न विचारायला लावायचात: इथून पाणी कोण भरतं, आणि पूर्वी कोण भरू शकत नव्हतं? मला तो प्रश्न उगाच उकरून काढल्यासारखा वाटे. तुमच्या आईला गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, ती काठावर कुणीतरी पोहऱ्याने ओतेल म्हणून उभी राहायची, हे मला तुम्ही गेल्यावर तुमच्या पत्नीकडून कळलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. तुमच्या दृष्टीने उजवं पान हे कुणाचं बोलणं आजवर लिहिलं गेलं नाही त्याचं पान होतं, हे समजायला मला फार उशीर झाला.

आणि ती आजी. ओढ्याकाठच्या शेताची मालकीण, नऊवारीचा ओचा खोचलेली, आमच्या मोजायच्या टेपकडे बघून हसणारी. मी तिच्याशी बोलते आहे आणि वहीत इंग्रजीत लिहिते आहे की पावसाळ्यात भरपूर पाणी असतं. तुम्ही मागून वाकून बघता. "ती म्हणाली ते लिहा, बाई. तुम्हाला कळलं ते नको." मी पान फाडून पुन्हा विचारते. आजी म्हणते, "ह्यो नाला न्हाई पोरी, वढा हाय. आखाडात ये, मग दावते. गळ्याएवढं पानी असतंय हितं." मग ती मला बांधावर नेऊन शेंदूर लावलेला एक दगड दाखवते. रस्त्याच्या पातळीच्याही वर आहे तो. "देव हाय, पन राखनदार बी हाय. पानी त्याच्या पायाला लागलं की जनावरं वर न्यायची, मानसं बी. माझ्या सासऱ्यानं बसवलाय." मी सगळं लिहून घेतलं. तिच्याच शब्दांत. दगडाची जागा कायद्याच्या मुलाने नकाशावर मांडली, तीही उजव्या पानावर, कारण तो दगड मोजलेला नव्हता, सांगितलेला होता.

डाव्या पानावर मात्र असं होतं: जानेवारी, कोरडा. फेब्रुवारी, कोरडा. मार्च, कोरडा. कारण आपला अभ्यासक्रम दुसऱ्या सत्रात होता. पहिल्या सत्रात प्रवेश, मग गणपती, मग सहामाही. पावसात मुलांना ओढ्यावर न्यायला परवानगी मिळाली नव्हती. "ओढ्याने आपलं वेळापत्रक पाळावं, अशी आपली अपेक्षा आहे," असं तुम्ही म्हणाला होतात. आणि लगेच, "पुढच्या वर्षी आषाढात येऊ. तोपर्यंत उजवी पानं सांभाळा." ही चूक आपल्या दोघांची होती, पण तुम्हाला ती दिसत होती.

एप्रिलमध्ये तुमचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि अहवालाचं काम माझ्याकडे आलं. विभागातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर टाइप करता येणारी मी एकटीच होते. जाड निळ्या पुठ्ठ्यात बांधलेली प्रत घेऊन मी वारज्याला तुमच्या घरी आले तो दिवस मला स्वच्छ दिसतो. स्वयंपाकघरातलं फॉर्मायकाचं टेबल, तुमच्या पत्नी कुकरची शिटी काढताहेत, तुम्ही अंगावर शाल घेऊन एकेक पान उलटताय. अर्ध्यावर थांबलात.

"उजवी पानं कुठं गेली?"

"फ्लॉपी खराब झाली, सर. तेवढा भाग गेला."

"वही आहे?"

"आहे."

"मग पुन्हा टाइप करा. फ्लॉपी बिघडली म्हणून आजीने गप्प का बसायचं?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत. अहवाल मिटून माझ्याकडे सरकवलात. मग उठून शबनममधली ती काळी डबी आणलीत. "मला आता मीठ बंद केलंय. ही तुम्ही ठेवा. आषाढात लागेल." मी डबी घेतली, करते म्हणाले, आणि केलं नाही. फ्लॉपी चांगली होती, सर. उजवी पानं मी टाइपच केली नव्हती. अहवाल तसाच मंडळापुढे गेला. फार नेटका झाला म्हणून नावाजला गेला, अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली. तुम्ही त्या आषाढात घराबाहेर पडू शकला नाहीत आणि थंडीत गेलात. पुढची वर्षं मी तो विषय वर्गातच शिकवला, प्रोजेक्टरवर पारदर्शिका लावून.

ओढ्याच्या भागात आयटी पार्क आले तेव्हा आपल्या सिव्हिलच्या मुलांपैकी एकाचा फोन आला होता. तो एका सल्लागार कंपनीत लागला होता. खुशीत होता. "मॅडम, आपला रिपोर्ट कामाला आला बघा. तिथल्या लेआउटला जोडलाय. हंगामी कोरडा नाला, विद्यापीठाचाच संदर्भ. पाईपमध्ये टाकून वरून रस्ता काढताहेत." मी त्याला विचारायला हवं होतं, पाईप केवढा, दगड कुठं आहे, वहीत काय होतं ते तुला आठवत नाही का, तूच तर तिथे उभा होतास. मी म्हटलं, "अरे वा. घरी ये एकदा." फोन ठेवला आणि ओट्यावरची कोथिंबीर निवडत बसले. इतकी मन लावून मी कोथिंबीर कधी निवडली नव्हती.

मागच्या वर्षी पितृपंधरवड्यात एका संध्याकाळी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि तिथल्या इमारतींच्या तळघरांत पाणी शिरलं. वॉचमनचं कुटुंब पंपाशेजारच्या खोलीत राहत होतं. त्याची बायको मुलीला घेऊन बाहेर पडताना तरंगत आलेल्या दुचाकी तिच्यावर येऊन आदळल्या, पाय त्यांच्यात सापडला. मुलगी वाचली. आई आता कुबडी घेऊन चालते. वर्तमानपत्रात निसर्गाचा प्रकोप असं आलं. चार दिवसांनी मी रिक्षा करून गेले. ओळखीचं काहीच राहिलं नव्हतं, फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक बाई माझ्याकडे बघत होती. आजीची सून, तेव्हा शेतावर भेटलेली. जमिनीच्या बदल्यात तिथेच फ्लॅट मिळालेली. मला ओळखून खाली आली. दगडाचं विचारलं तर म्हणाली, "देव आता गेटपाशी हाय. टाइल लावून छान देऊळ बांधलंय बिल्डरनं." म्हणजे दगड खाली आणला होता, रस्त्याच्या पातळीला. मग अगदी सहज, "सासूबाई सांगत व्हत्या की, म्याडम. तुमी लिवून घेतलं व्हतं न्हवं?"

त्या वाक्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, पुण्यात इतकी वर्षं काढून टोमणा मला झेलता येतो. मी हो म्हणाले. तिने चहाला वर बोलावलं, मी गेले नाही.

आणि आता परवा वाघोलीच्या एका कॉलेजातली तरुण प्राध्यापिका घरी आली. गोड मुलगी आहे, भरभर बोलते. त्यांच्याकडे पाच विभाग मिळून शाश्वततेचा नवा अभ्यासक्रम सुरू होतोय. "मॅडम, तुमचा रिपोर्ट लायब्ररीत सापडला. इतका क्लीन डेटा, आणि तोही त्या काळात! आम्ही केस स्टडी म्हणून लावतोय. मुलांना दाखवायचंय की इंटरडिसिप्लिनरी काम कसं करतात." मी तिला चकली दिली. तिने विचारलं, "मूळ फील्ड नोट्स आहेत का हो कुठे?" वही तिच्या पाठीमागच्याच कपाटात होती. मी म्हटलं, शोधते. सोमवारी ती पुन्हा येणार आहे. वही दिली तर निळ्या पुठ्ठ्यातल्या त्या नावाजलेल्या कामातून काय गाळलं गेलं ते तिला पहिल्या पाच पानांत कळेल, आणि त्यावर तुमचंही नाव आहे. नाही दिली तर मुलांची आणखी एक पिढी जानेवारी, फेब्रुवारी, मार्च वाचून ओढा कोरडा आहे असं शिकेल.

तुमच्या नावासाठी गप्प बसावं, असं दोन दिवस स्वतःला समजावून पाहिलं. जमलं नाही. तुम्ही तर हसला असतात. "माझं नाव कशाला मध्ये घालता, बाई?"

म्हणून सोमवारचं लिहून ठेवते, म्हणजे आयत्या वेळी माझी जीभ पुन्हा फ्लॉपीकडे वळायला नको. वही वाघोलीच्या त्या मुलीला द्यायची, सबंध, झेरॉक्स नाही. सोबत सांगायचं की मुलांना आषाढात न्या, परवानगी मिळाली नाही तर वर्ग बंद ठेवा. आणि त्यांच्या नव्या वहीतलं पहिलं उजवं पान वॉचमनच्या बायकोचं असू दे, ती म्हणेल त्या शब्दांत. दगडाच्या नकाशाची प्रत आजीच्या सुनेला, मी स्वतः नेऊन, चहाला वर जाऊन. निळ्या पुठ्ठ्याची माझी प्रत त्या सिव्हिलच्या मुलाला, आतल्या पानावर ओढ्याबद्दल आजी काय म्हणाली ते माझ्या हाताने लिहून. तो आता मोठ्या पदावर आहे, त्याला पाईपचं कुणाला सांगायचं ते माहीत असेल. मिठाची डबी माझ्या मुलीला. ती टाकून देईल, हरकत नाही.

एक राहिलं. घरच्यांना, नंतरच्या विभागप्रमुखांना, स्वतःलाही मी इतकी वर्षं सांगत आले की मंडळाला फक्त आकडे हवे होते. मंडळाने ती पानं कधी पाहिलीच नव्हती, सर. काढा असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. आजीचं ते बोलणं माझ्या अर्थशास्त्राशेजारी छापलेलं मला गावंढळ दिसत होतं, एवढंच कारण होतं.

हे पत्र तुमच्या घरच्या कुणाला द्यायचं नाही. वहीच्या शेवटी एक जोडपान कोरं आहे. डाव्या बाजूला काही लिहू नये. हे उजव्या बाजूला चिकटवावं.