चिंतामणीवरचे हात

तुळजापूर, ९ मे १९४४

प्रिय नागू,

आधी बातमी, खुशाली मागून. मी सोलापूरला चालले! मास्तरणीच्या ट्रेनिंगला! नाना 'हो' म्हणाले आणि माळ्यावरची ट्रंकही त्यांनीच काढली.

दोन वर्षांपूर्वीची सकाळ तू विसरली नसशील. वीरप्पाकाका तुला घेऊन लोहाऱ्याहून आले होते. चारुशीला ट्रेनिंगला जाणार असेल तर आमची नागम्माही जाईल, असा त्यांचा शब्द होता. नाना म्हणाले, देवीला विचारू. देवळातल्या चिंतामणीवर, त्या गोल दगडावर, मी दोन्ही तळहात टेकले. उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. तो डावीकडं फिरला. सटवाईनं कपाळी लिहिलंय तेच झालं, म्हणून नाना निवांत. तू मात्र बाहेर येताच फणकारलीस, "आमी लिंगायत रोज इष्टलिंग तळहातावर घेतो, ते काय हात बांधून बसायला?" मी चपला घालून पुढं झाले.

गेल्या मंगळवारी आमच्या आळीतली हरणाबाई चिंतामणीपाशी बसली होती. पलटणीत गेलेला मुलगा परत येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. दगड डावीकडं गेला. तिनं हात पुसून पुन्हा विचारलं. पुन्हा डावीकडं. मग बाईनं पदर खोचला, ऐसपैस मांडी घातली आणि दगड उजवीकडं आला तेव्हाच उठली. मला आधी हसू आलं, मग रडूच कोसळलं. तशीच घरी आले आणि नानांना सांगून टाकलं, की त्या दिवशी दगड फिरला नव्हता, मी ढकलला होता.

नाना सुपारी कातरत होते. कातरता कातरताच म्हणाले, "तुझ्या हातून देवीनंच ढकलला असंल."

मी म्हणाले, "मग नाना, आता तीच मला सोलापूरला नेतीय असं समजा."

चाळीस वर्षं पुराण सांगणाऱ्या नानांनी अडकित्ता खाली ठेवला आणि शिडी आणायला गेले.

नागू, नुसत्या बातमीसाठी हे पत्र लिहिलेलं नाही. निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरीच्या, जकातीच्या नाक्यापलीकडं मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, म्हणून भ्याले. भीती माझी आणि घरी बसलीस तू. दर पत्रात तू त्याला नशीब म्हणतेस आणि मी ते पत्र घडी घालून ट्रंकेच्या तळाशी टाकते. ते नशीब नव्हतं गं, माझे दोन हात होते. माफ कर, नाहीतर भेटून चांगली बडव. वीरप्पाकाकांना नानांनी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. सोमवारी सकाळी वाकडी वाट करून मी नळदुर्गला सोलापूरच्या मोटारीपाशी थांबते. सोबत ट्रेनिंगचा फॉर्म धाडलाय, सोलापुरात पोचल्यावरही घेतात, मी विचारून ठेवलंय. तुझं नाव, गाव भरलंय. सहीची जागा कोरी आहे. तिथं सटवाईनंही काही लिहिलेलं नाही.

वाट पाहणारी, तुझीच
चारू