भार जमिनीला द्या

५ फेब्रुवारी २००७, दिग्रस
सकाळच्या एसटीने यवतमाळहून निघाले, दुपारच्या आत पोहोचले. नीळकंठ स्टँडवर सोडायला आले होते. खिडकीतून डबा दिला आणि रविवारी घरी ये म्हणाले. मिताली गेल्यापासून आम्ही नवरा-बायको एवढंच बोलतो.

संस्थेने राहायला आणि योगाच्या वर्गाला एकच जागा दिली आहे, बंद पडलेल्या जिनिंगचं वजनघर. इथे कापूस मोजायचे. तुळईला मोठा काटा अजून टांगलेला आहे. एका बाजूला लाकडी फळी, दुसऱ्या बाजूला लोखंडी वजनं, दोन माणसांनाही न हलणारी. फरशी गार आहे, भिंतीच्या भेगांत जुनी सरकी अडकलेली. खिडकीतून ऊन येतं. मला जागा आवडली. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी आवडलं.

७ फेब्रुवारी
पहिला वर्ग झाला. सगळ्या बाया याच जिनिंगवर कामाला होत्या आणि प्रत्येकीच्या घरातलं कुणी ना कुणी गेलेलं आहे. मैनाबाई वयाने मोठ्या. त्यांचा तरणा मुलगा कपिल गेल्या वर्षी गेला. लालीबाई तांड्यावरची, तिचा नवरा गेला. ती सगळ्यांची चेष्टा करते.

योग म्हणजे डोकं खाली पाय वर, असं त्यांना वाटत होतं. मी सतरंजीवर पाठीवर झोपायला सांगितलं आणि शरीर जमिनीला कुठे टेकतं, कुठे अधांतरी राहतं, एवढंच बघा म्हटलं. लालीबाई म्हणाली, "हे तं आमचा बुढा सासरा बिना शिकल्यानंच दिवसभर करून राह्यला!" खूप हसल्या.

मग कंबर अगदी थोडी हलवायची. श्वास सोडताना लांब हुंकार. शिकताना मला सांगितलं होतं तसंच मी सांगितलं, की दुःख आधी अंगात साठतं, जबडा, खांदे, पोट आवळून धरतात. आता सोडा. छातीवरचा भार जमिनीला द्या, ती घेते. मीही माझ्या सतरंजीवर करून दाखवलं. मैनाबाई रडल्या आणि तिथेच झोपल्या.

जाताना बाया सतरंज्या बाहेर नेऊन झटकायला निघाल्या. कापूस वेचून झाला की पदराची ओटी बांधावर झटकून मगच घरी जायचं, अशी त्यांची रीत आहे. शेतातलं शेतात राहावं म्हणून. मी म्हटलं, धूळ उडेल, राहू द्या, मी घड्या घालीन.

मला आज गाढ झोप येईल असं वाटतंय. अंग हलकं आहे.

१५ फेब्रुवारी
वर्गाचा गुण येतो आहे. मैनाबाई पोटभर जेवू लागल्या. लालीबाईच्या मानेतली कळ गेली, ती गाणं म्हणत आली.

घड्या घालताना मैनाबाईंची सतरंजी दोन्ही हातांनी उचलावी लागली. ओल धरली असेल म्हणून उन्हात टाकली. कोरडीच होती.

२१ फेब्रुवारी
जागा मोकळी करायला सतरंज्या काट्याच्या फळीवर ठेवल्या. फळी खाली गेली. समोरची लोखंडी वजनं वर उचलली गेली.

घाबरून सतरंज्या काढल्या. फळी खालीच राहिली, कुणी बसून असल्यासारखी.

२४ फेब्रुवारी
दुपारी माझा सराव करायला मैनाबाईंच्या जागी पडले. छातीवर कुणाचा तरी हात येऊन पडला. दिसलं काही नाही. जड, पुरुषाचा, कामाचा हात. उठता येईना. हुंकार भरला तो माझ्या आवाजात नव्हता.

वर्गात मैनाबाईंना हळूच विचारलं, कपिलचा हात कसा होता. त्या हसल्या. "कोन कपिल, बाई?" मग शेजारणीशी तिखट कुटायचं ठरवू लागल्या.

इतर बायांकडे बघवेना. सगळ्या हसत होत्या.

२६ फेब्रुवारी
सगळ्यांना सांगितलं, आपापली सतरंजी घरी न्या. हात जोडले. मैनाबाई म्हणाल्या, "आता कायले उचलू? हलकी झाली मी. तुमच्या फरशीनं घेतलं, राहू द्या." लालीबाई म्हणाली, "दिलेलं कोनी वापस मागते का, मॅडम?"

कुणी नेली नाही. मी काल रविवारी घरी गेले नव्हते. काहून नाही आलीस, असं कुणी विचारलंही — हो, विचारलं. फोन आला होता. मला आठवत नाही मी काय सांगितलं.

२ मार्च
नीळकंठांचा सकाळी फोन. आज वाढदिवस आहे, म्हणाले. मी विचारलं, कुणाचा?

ते रडले. उद्या न्यायला येतो म्हणाले.

ही वही मागे चाळली. "मिताली गेल्यापासून" असं माझ्याच अक्षरात आहे. नाव वाचलं. चेहरा येईना.

पहिल्या दिवशी मीही दिलं होतं. करून दाखवताना.

२ मार्च, दुपार
माझ्या सतरंजीवर पडले. लगेच नाही — मग पोटावर एक छोटा पाय आला. आडवा. मिताली झोपेत टाकायची तसा. सगळं आठवलं. पैंजणाचा वळ, केसांचं तेल, तापात तिने मागितलेली बोरं, मी दिली नाहीत ती.

पण तिच्यामागून बाकीचेही आले. एकावर एक. श्वास आत जाईना. कशीबशी सुटले.

उठले की ती पुसट होते. पैंजण होते की — आत्ताच लिहिलंय, होते.

३ मार्च
नीळकंठ दुपारच्या गाडीने येतील. घरी गेले तर मी बरी होईन. मैनाबाईंसारखी. हसेन. तिखट कुटेन.

तिची आठवण मग कोण ठेवणार — एकट्या नीळकंठांवर —

नाही.

माझी सतरंजी अंथरली. या वेळी उठायचं नाही. सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. उशी नको. ती उजवीकडे झोपायची, म्हणून उजवी बाजू थोडी मोकळी