बीजींची चूरी

३ एप्रिल
पुन्हा तेच! शेजारची बलबीर ताक न्यायला आली, की सासूबाईंचं, बीजींचं, सुरू— "पोट चिरून काढलेली पोर. मला गुढतीसुद्धा देऊ दिली नाही, मधाचं एक बोट! पोटात ताकद येणार कुठून?"

जणू मीच टेबलावर चढून 'चिरा' म्हटलं होतं. नाळ गळ्याभोवती होती अवनीतच्या. चार वर्षं झाली, सासूबाईंचं ते मधाचं बोट अजून माझ्या डोळ्यांसमोर नाचतंय.

५ एप्रिल
लुधियानाच्या डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं— माझ्या सीझरमुळे झालं का हे? म्हणाल्या, "काही अभ्यासांत थोडा संबंध दिसला, काहींत अजिबात नाही. मनाला लावून घेऊ नका. सिलिअ‍ॅक, म्हणजे हा गहू न सोसण्याचा आजार, मुळात घराण्यातून येतो. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. आणि हिला गव्हाचा कणही नको."

घरी येऊन हरजोतनं आईला काय सांगितलं? "गहू बंद, आणि सगळ्यांनी रक्त तपासायचं." बस्स. घराण्यातून येतो, ते गिळलं. आईपुढे दातखीळ बसते नवऱ्याची. बीजी म्हणाल्या, "पंजाबात राहून गहू बंद? आणि माझं रक्त कशाला? मला काय झालंय?"

८ एप्रिल
मक्याची रोटी थापून हात भरून आले. अवनीत निम्मी टाकते. तिला बीजींची चूरी हवी.

१३ एप्रिल, वैशाखी
मी गुरुद्वाऱ्यात लंगरच्या सेवेला. परत येते तर स्वयंपाकघरात बीजींच्या मांडीवर अवनीत, आणि वाटीत चूरी! गव्हाची रोटी, तूप, साखर, बोटांनी मऊ कुस्करलेली. संध्याकाळी पोट टम्म फुगलं, उलट्या सुरू.

"चूरी खाऊन कधी कुणी मेलंय का?" बीजी म्हणाल्या. "पोरं वाढवलीत मी."

"पोर तुमच्या हातून मरेल एक दिवस!" मी ओरडले. हरजोतसमोर. त्या खाटेवर मटकन बसल्या. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

१६ एप्रिल
बीजी बोलत नाहीत, जेवत नाहीत. नाटकं. आज अचानक म्हणाल्या, "रक्त द्यायला मीही येते."

१९ एप्रिल
रक्त देऊन परतताना गाडीत, माझ्याकडे न बघता बीजी म्हणाल्या, "हरजोतच्या आधी सिम्मी होती माझी. घरातच झालेली, दाईच्या हातावर. गुढती माझ्या सासूनं दिली. तिसऱ्या वर्षी पोट असंच फुगायचं, हातपाय काड्या. अंगात ताकद यावी म्हणून मी रोज चूरी भरवायचे. शेवटच्या दिवशीही भरवली."