वळणावरचा पडका बांध

वाल दि जिएश्ता
ऑक्टोबरचा तिसरा रविवार

लाडक्या दुआर्त,

आजीचा आशीर्वाद. नको असला तरी पाकिटात घातलाय. परत पाठवायचा तर तिकीट तुझं.

फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान दाराखालून आत तरी शिरेल. लिहितेय शेजारची लेओनिल्द. मी बोलते तसंच उतरव म्हटलं, तर म्हणते, "आजी, पोरगा परमुलखात आहे, जरा गोड बोला की." गोड हवं तर लक्झेंबर्गात चॉकलेट मिळतं म्हणावं.

इकडे सगळं ठीक. गुडघे माझेच आहेत, दुसऱ्याचे असल्यासारखे वागतात एवढंच. कुत्रा मला बघून भुंकतो. ओळख विसरलाय की मनात राग धरलाय, कळत नाही. चेस्टनट यंदा बारीक पण गोड. तुझ्या खोलीला हात लावलेला नाही. तिथे फक्त बटाटे ठेवलेत.

रानवाट मंडळाचं काम चालू आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळे देवळापुढे जमतात, कुदळी-कोयते घेऊन वर वाट सावरायला जातात, आणि मी खाली कोबीचं सूप करते. मला कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे काढताही येत नाही. सेलेश्त अजून मंडळाची मुख्य आहे आणि अजून दरवेळी म्हणते, "मावशी, मीठ कमी पडलंय." मी म्हणते, "घाम गाळा, मीठ आपोआप उतरेल."

फाट्यावर नवा फलक लागलाय. सायकलवाल्यानं चालणाऱ्यासाठी थांबायचं आणि दोघांनीही घोड्यासाठी. सगळी चित्रंच आहेत, म्हणून मलाही वाचता येतो. तुझ्या वेळी फलक नव्हता. नियम होता.

होरासिओ बरा आहे.

लेओनिल्दनं इथे हात थांबवलाय आणि माझ्याकडे बघतेय. बरं, लिही बाई. होरासिओ काठी घेऊन चालतो. खुब्यात खिळे आहेत, थंडी आली की गावाआधी त्याला कळतं. घोडी विकली नाही, पण तिच्यावर बसतही नाही. संध्याकाळी लगाम धरून तिला फिरवतो. दोघं निवृत्त कारकुनांसारखे दिसतात. तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही. चांगलंही बोलत नाही. तू उतारावरून सायकलवर घंटी न वाजवता आलास, घोडी बुजली, वळणावरचा दगडी बांध ढासळला आणि तिघेही खाली गेलात. एवढंच सांगतो, तेही कुणी विचारलं तर. तू दवाखान्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलास हे मात्र न विचारता सांगतो. त्यानंतर आठवड्यात तू देश सोडलास, ते सगळ्यांना माहीतच आहे.

बांध मात्र तसाच पडलाय. मंडळाची रीत तुला सांगायला नको. ज्यानं वाट बिघडवली त्यानंच ती सावरायची, आणि तोवर तिथे दुसऱ्यानं कुदळ लावायची नाही. बेंतोनं ट्रॅक्टरनं ओंडके ओढून फाट्याची माती केली होती, तेव्हा त्या म्हाताऱ्यानं एकट्यानं पाट्या वाहिल्या, आणि आम्ही सगळे शेजारी बसून त्याला चुका दाखवत होतो. तुझ्या वळणावर दोन पावसाळ्यांत ओघळ पडलाय. लोक निलगिरीच्या झाडांमधून वळसा घालून जातात. सेलेश्त म्हणते, यंदाचा पाऊस लागला की ओघळ खालच्या वाटेलाही घेऊन जाईल, मग नगरपालिका सगळी वाटच बंद करेल.

आता खरं सांगायचं ते. कामाला निघण्याआधी सेलेश्त नावं पुकारते. जो नसेल त्याच्या घरच्यानं म्हणायचं, "मागून येतोय." तेवढ्यावर नाव राहतं. तू दोन वर्षं मागून येतोयस, दुआर्त. एवढ्या वेळात गोगलगायीनंही डोंगर उतरला असता. या महिन्यात तुझं नाव पुकारलं आणि मी बोलले नाही. तोंडात पाव होता असं नंतर सांगितलं. नव्हता.

सेलेश्तनं दोनदा हाक दिली. मग म्हणाली, "ठीक आहे, बांध दुसऱ्या कुणाला देऊ." तो दिला की नाव पुन्हा पुकारत नाहीत, तुला ठाऊक आहे.

तेवढ्यात मागून होरासिओ म्हणाला, "मागून येतोय."

"तो तुझ्या घरचा कधीपासून झाला?" सेलेश्तनं विचारलं.

"माझ्या घोडीवर आदळलाय. आणखी किती घरचा व्हायचा?"

सगळे हसले. मी सूप ढवळत होते. सेलेश्त म्हणाली, "पुढच्या शनिवारापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या. मग पाऊस थांबणार नाही आणि मीही नाही."

मी रडून बोलावणारी आजी नाही, ते काम लेओनिल्द करतेय, कागद ओला झाला असेल तर तिचा दोष. यायचं असेल तर ये. दगड तिथेच पडलेत, कुणी हलवलेले नाहीत. यायचं नसेल तर एक फोन कर, मी उचलते. मग त्या शनिवारी होरासिओनं तोंड उघडण्याआधी मी उठेन आणि म्हणेन, बांध दुसऱ्याला द्या, आमचा पोरगा येत नाही. म्हणायला जमेल मला. नंतर सूपही वाढेन. पण त्या माणसाला तुझ्यासाठी दुसऱ्यांदा खोटं बोलायला लावणार नाही.

खाली अंगठा माझा आहे. जरा फिसकटलाय, लेओनिल्द डोळे पुसत होती, हात धरायला कुणी नव्हतं.

तुझीच,
एतेलविना आजी