यंदा झिंगालाला नाही

प्रिय आई,

'प्रिय' लिहिलं, कारण सासूला पत्र लिहायची दुसरी रीत मला ठाऊक नाही. आज पालकांची मीटिंग झाली आणि डोकं असं तापलंय की कुणाशी तरी भांडल्याशिवाय घास उतरणार नाही. तुमच्याशीच भांडते. या वेळी मध्येच उठून देवापुढे जाऊन बसता येणार नाही तुम्हाला!

तुम्ही जाऊन महिना होत आला. ठाकुर्लीच्या घरातली तुमची शिशुशाळा आता मी एकटी चालवते. आज सगळ्या आया एका सुरात म्हणाल्या, "आजींची आठवण म्हणून गॅदरिंगला तो आफ्रिकन डान्सच परत बसवू या ना." तुमच्या लेकानंही मान डोलावली. "आई गेलीये गं, एवढं होऊ दे."

तो डान्स आला कुठून, आठवतंय? गेल्या वर्षी मी पोरांना दक्षिण आफ्रिकेतल्या एन्डेबेले बायकांनी रंगवलेली घरं दाखवत होते. भिंतभर काळ्या जाड रेघा, मध्ये निळा, पिवळा, गुलाबी. पोरं खुळावली होती नुसती! चपलांच्या खोक्यांची घरं करून रंगवली त्यांनी. छोटा अर्णव म्हणाला, "टीचर, त्या पट्टी न घेता एवढी सरळ रेघ मारतात? माझे पप्पा तर पट्टीनंपण वाकडी मारतात!"

आणि तुम्ही काय केलंत? खोकी उचलून रद्दीत! "आफ्रिका शिकवलीस ना, मग झिंगालाला बसवू." कागदी पानांचे घागरे, हातात थर्माकोलची हाडं, तोंडाला काळा रंग. मी म्हटलं, "आई, ही माणसं घरं रंगवतात, हाडं घेऊन नाचत नाहीत." तर म्हणे, "अगं, पोरांची गंमत ती! तुला मेलं सगळंच लागतं."

हो, लागतं! लग्नानंतर 'काळी सून' म्हणून मला बघायला तुमच्या बहिणी आल्या होत्या ना, तेव्हापासून लागतं.

ओवी रांगेत उभी होती. तुमची सख्खी नात, पाच वर्षांची, तोंड पुढे करून. तुम्ही ब्रश उचललात आणि हसलात, "हिला कशाला? हिचा मेकअप फुकटात झालाय!" सगळ्या आया खिदळल्या. ओवीही हसली, सगळे हसले म्हणून. घरी आल्यावर बाथरूममध्ये साबण लावून लावून तोंड घासत बसली. रंग लावलाच नव्हता, आई! काय धूत होती ती? तुम्ही बाहेर सोफ्यावर बसून सगळ्यांना व्हिडिओ पाठवत होतात.

दर रविवारी तिला साय-बेसन चोळायचात. "उजळेल हो माझी बाय." माया होती त्यात, मी नाही म्हणत नाही. तुम्ही नुसत्याच दुष्ट असतात तर मला किती सोपं गेलं असतं!

मीटिंगमध्ये मी नाही म्हणून सांगितलं. दोघी-तिघी म्हणाल्या, मग आम्ही पोरांना दुसरीकडे घालू. म्हटलं, घाला. तुमचा लेक तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये. नको बोलू दे.

काल ओवीनं विचारलं, "आई, आजीला मी आवडायचे ना गं?" मी हो म्हटलं. तर म्हणाली, "काळी असूनपण?"

हे उत्तर तुम्ही द्यायचं होतंत. तुमच्याच तोंडून हवंय तिला ते, आणि तुम्ही खुशाल निघून गेलात!

आता ऐका. मी आहे तोवर या शाळेत कुणाच्या तोंडाला काळा रंग लागणार नाही आणि ओवीच्या तोंडाला बेसन लागणार नाही. तिला उत्तर मी देईन, रोज देईन, ती "पुरे गं आई" म्हणेपर्यंत. तुम्हाला माफ केलं की कळवेन. आज तरी नाही.

तुमची सून,
दीपाली