खिडकीजवळचा खण

प्रिय चिमणे,

चार दिवस तुझा फोन उचलला नाही. रागावू नकोस, रागवायचं काम सध्या माझ्याकडे आहे.

तुझ्या आईच्या मूत्रपिंडातल्या गाठीचा नमुना तपासला तर तिच्यातला आनुवंशिक दोष तुझ्यात उतरलाय का ते कळेल, असं तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना? दुसऱ्याच सकाळी मी आमच्या इस्पितळाच्या नमुना-संग्रहात जाऊन धडकले. एकतीस वर्षं तिथले मेणाचे ठोकळे मी सांभाळले, प्रत्येकात कुणाच्या तरी शरीराचा नखाएवढा तुकडा. आता माझ्या खुर्चीत एक गृहस्थ बसतात. त्यांना खण उघडणं म्हणजे पाप वाटतं. त्यांनी संगणकाला विचारलं. तो म्हणाला, नोंद आहे, ठोकळा नाही. मी म्हटलं, अहो, त्याला काय विचारता, तो कधी जागचा उठलाय का? मग त्यांनी वयाने शोधलं, वर्षाने शोधलं. 'डावे' असं टाकलं तर चारशे डावी मूत्रपिंडं हजर, तुझी आई नाही! वर मला म्हणतात, "मावशी, तुमच्या वह्यांच्या काळातच गहाळ झाला असेल." मावशी! मी काय त्यांच्या आईची बहीण? आणि गहाळ? कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला रुमालसुद्धा नाव वर दिसेल अशी घडी घालून ठेवायला लावत. त्याच शिस्तीने मी माणसं ठेवली. मी तरातरा निघून आले.

तुझ्या आईला शिस्तीचं वावडं. एक रिबीन माझ्या दप्तरात, दुसरी कुंडीत. ऑपरेशनला नेत होते तेव्हाही विचारते, "ताई, मला कुठल्या खणात ठेवणार गं? खिडकीजवळचा दे, जरा वारा लागेल." मी म्हटलं, गप्प पड.

आता खरं सांगते. संशोधकांचा अर्ज आला की ठोकळ्याच्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या कापून द्याव्या लागतात. ती गेल्यावर वर्षभरात सहा अर्ज आले. दर वेळी ती थोडी कमी झाली. सातव्याला मी "शिल्लक नाही" असं कळवलं आणि ठोकळा खिडकीजवळच्या खणात, रिकाम्या काचपट्ट्यांच्या खोक्यामागे लपवला. एकतीस वर्षांतलं माझं एकुलतं एक खोटं. मेलं ते यंत्र माझंच खोटं मला ऐकवत होतं. त्या दिवशी कबूल करायलाच गेले होते, पण 'मावशी' ऐकलं आणि पारा चढला. काल पुन्हा गेले, त्यांच्यासमोर खण उघडला. त्यांनी उठून आपली खुर्ची मला दिली. माणूस अगदीच वाया गेलेला नाही. एका तपासणीपुरतंच उरलंय, चिमणे. मग काही राहणार नाही. म्हणून चार दिवस लागले. सोबतच्या कागदावर मुलीची सही लागते, ती कर आणि सोमवारी घेऊन ये. कापताना मी तिथे उभी राहीन. तुझ्यासाठी म्हटल्यावर ती स्वतःच ओरडली असती, "ताई, दे ना कापून, किती गं चिकट तू!"

तुझीच, आणि फक्त तुझीच,
मावशी