सावेता मावशीची मेणबत्ती

व्हालेनी,
रविवार, ५ नोव्हेंबर

प्रिय व्हियोरिका,

तू बरी असशील. तुझी ती म्हातारी सिन्योरा पुन्हा कपाटातले सगळे कपडे काढून 'मला घरी जायचंय' म्हणून दारात बसत नसेल, आणि तिला उचलून उचलून तुझी कंबर धरली नसेल, अशी आशा करते. इकडे आम्ही धड आहोत. मंगळवारी पहिलं दव गोठलं. कोबी मिठाच्या पिंपात घालून झाला. यंदा लाल मिरच्या भरपूर आल्या म्हणून वांगी-मिरचीच्या चटणीच्या दोन बरण्या पाठवतेय. एक तुला, एक सिन्योराला. तिला दात नाहीत हे मला ठाऊक आहे, पण पावाला लावून चाटेल. बरण्या आणि हे पत्र पार्सलच्या गाडीवाल्या कोस्तेलकडे देतेय. गुरुवारपर्यंत तो इटलीत पादोव्हाला पोचतो.

तू म्हणशील, कालच तर फोनवर बोललो, मग पत्र कसलं? शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस आणि आता ही बया चार-चार पानं लिहितेय! पण फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो' म्हणते. तुला 'हो' म्हणायची मला चाळीस वर्षांची सवय आहे. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून कागद घेतला.

वृद्धाश्रमात विशेष काही नाही. तुझ्या आईच्या खाटेवर आता एक पोस्टातल्या बाई आल्यात. सही केल्याशिवाय सूपसुद्धा घेत नाहीत. मी रोज कागदाचा चिटोरा पुढे धरते, त्या सही करतात, मग तोंड उघडतात. एकतीस माणसं आणि पाळीला आम्ही दोघी. सहाला सुरुवात: कूस बदलायची, धुवायचं, पुसायचं, कोरडं करायचं, बसवायचं, भरवायचं, आणि शेवटच्या खोलीपर्यंत पोचेतो पहिल्या खोलीतल्याची कूस बदलायची वेळ होते. हे तुला काय सांगायचं? तू तिकडे एकीचं करतेस, मी इकडे एकतीस जणांचं. औषधाला मात्र आम्ही हात लावायचा नाही. ऑक्सिजनच्या मशीनलाही नाही. ते सिस्टरचं काम.

हे मी तुला तीन आठवड्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. सांगते.

काल तू फोनवर म्हणालीस की अठरा तारखेला, आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर, पहिला टॉवेल मला देणार. पाव, मेणबत्ती आणि टॉवेल, थडग्यावरून, सगळ्या गावासमोर. 'जिने माझ्या आईच्या हातात उजेड धरला तिला पहिला मान,' असं म्हणालीस. टॉवेल विकत घेतलाससुद्धा, निळ्या काठाचा. मी 'हो' म्हणाले. तू फोन ठेवलास आणि मी तिथेच बसून राहिले. चुलीवर दूध उतू गेलं तरी उठले नाही.

व्हियोरिका, तो टॉवेल मला घेता येणार नाही.

तुझी आई मेणबत्तीवाचून गेली.

हे वाक्य लिहून मी अंगणात जाऊन आले. कोंबड्यांना दाणे घालून आले. आता पुढचं लिहिते.

आपल्याकडे मरताना हातात पेटती मेणबत्ती हवीच, म्हणून कुणाचं फार वाईट चिंतायचं असलं की 'मेणबत्तीवाचून मरशील' म्हणतात. तुझ्या आईने ही शिवी आयुष्यात एकदाच दिली होती, शाळेच्या स्वयंपाकघरातून तेल चोरणाऱ्या त्या मुकादमाला, आणि नंतर त्यासाठी तीन शुक्रवार उपास केला होता. आश्रमात आली तेव्हा दोन झगे, एक शाल आणि रुमालात गुंडाळलेली ईस्टरची मेणबत्ती एवढंच तिने स्वतः भरलं होतं. आश्रम चालवणाऱ्या मॅडमनी काडेपेटी काढून घेतली, मेणबत्ती ठेवू दिली. तेव्हा सावेता मावशी मला म्हणाली, "काडी तुझ्याकडून घेईन गं. तू माझी डॉक्टरीण." मला ती डॉक्टरीणच म्हणायची, चिडवायला. "डॉक्टरीणबाई, आज काय औषध? पुन्हा ते भांडी विसळलेलं सूप?"

ऑक्सिजन सुरू असताना खोलीत ज्योत पेटवायची नाही, हा नियम भिंतीवरच लावलेला आहे. ती गेली त्या गुरुवारी तिचं मशीन बुधवारपासून सुरू होतं. जिल्ह्याच्या इस्पितळाने तिला परत पाठवलं होतं, 'आता तिकडेच शांत होऊ द्या' म्हणून. म्हणजे मेणबत्ती लावायची तर मशीन बंद करायला हवं होतं, आणि मशीनला मी हात लावायचा नाही. असं सांगितलं असतं तर तू मला काही बोलली नसतीस, हे मला ठाऊक आहे. तीन आठवडे मी स्वतःलाही हेच सांगितलं.

पण ते खरं नाही. नियम खरा आहे, कारण खरं नाही.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास सिस्टर ओर्तान्सा आल्या. त्यांनी नखं पाहिली, पाय पाहिले. तुला माहीत आहे, पाय गुडघ्यापर्यंत निळे पडायला लागले की आपल्याला सांगावं लागत नाही. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोम्निका, मेणबत्ती कुठे आहे तिची? मी मशीन बंद करते, नळी काढते, खिडकी उघडते आणि दारात उभी राहते. मॅडमना मी बघून घेईन. माझ्या आजीलाही असंच दिलं होतं."

मी म्हणाले, "नको."

"का गं?"

"तिची मुलगी बसमध्ये आहे. पाचला पोचतेय."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. "पाच? अगं, हिला दुपारचं जेवणसुद्धा दिसत नाही."

"दिसेल," मी म्हणाले. सिस्टरला! आठवी शिकलेली मी!

तू मला बुधवारी बसमध्ये बसल्यावर फोन केला होतास. आठवतं? मागे इंजिनाचा आवाज, कुणाचं तरी पोर रडत होतं, आणि तू ओरडत होतीस, "दोम्निका, मी येईपर्यंत तिला धरून ठेव. काय वाटेल ते कर. तिला जाऊ देऊ नकोस. शपथ घे." मी शपथ घेतली. तुला 'हो' म्हणाले.

मी हे तुझ्यावर ढकलत नाहीये. हे वाक्य चार वेळा खोडून पुन्हा लिहिलंय. बसमध्ये बसलेली मुलगी आणखी काय म्हणणार? मीही तेच म्हटलं असतं. पण तू खाटेपाशी नव्हतीस. मी होते. अशा खाटांपाशी मी बावीस वर्षं उभी आहे. थांबणारं माणूस आणि निघालेलं माणूस यातला फरक मला कळतो. कळून मी तुझ्या शपथेला धरून बसले, कारण तुला तोंड दाखवणं मला तिला तोंड दाखवण्यापेक्षा अवघड वाटलं.

आणि मी तिथेच होते. आश्रमाच्या फाटकाशी मी तुला म्हणाले होते ना, की बाजूच्या खोलीत कुणाला तरी अंघोळ घालत होते आणि अगदी शेवटच्या क्षणाला धावत आले? तसं नव्हतं. माझ्या वाट्याच्या खोल्या त्या दिवशी माझ्या जोडीच्या फ्लोआरेने सांभाळल्या. मी दहापासून तुझ्या आईचा हात सोडला नाही.

ती शुद्धीवर होती. हे तुला कुणी सांगितलेलं नाही. तू 'तिला कळत नव्हतं ना काही?' असं विचारलंस आणि मी 'नव्हतं' म्हणून मान हलवली. तिला सगळं कळत होतं. सिस्टर गेल्यावर तिने डोळे उघडले आणि नाकातली नळी ओढली. मी परत लावली.

"डॉक्टरीण," ती म्हणाली. "काडी."

"थांब मावशी. व्हियोरिका येतेय. पाच वाजता."

"आत्ता किती?"

"साडेदहा."

ती जरा वेळ श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मी काय बसस्टॉपवर बसलेय का, थांबायला?"

मला हसू आलं, व्हियोरिका. तीही हसली, म्हणजे तिचं तोंड तसं झालं. मला वाटलं, हसतेय म्हणजे टिकेल. मी तिचे ओठ ओल्या कापसाने पुसले. पाठीखाली हात घालून कूस बदलली. उशी थोपटली. जे जे मला करता येतं ते सगळं केलं. जे तिने मागितलं ते सोडून.

अकराला तिने पुन्हा मागितलं. बोलता येत नव्हतं. तिने उजवा हात वर केला आणि मूठ अशी धरली, मधे जागा ठेवून. तू ओळखशील कशी, मेणबत्ती धरतात तशी. मी त्या मुठीत माझं बोट दिलं. तिने ते चाचपलं आणि ढकललं. ढकललं, म्हणजे जोर नव्हताच, पण मला कळलं. मग पुन्हा मूठ केली.

मेणबत्ती टेबलाच्या खणात होती, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. काडेपेटी माझ्या खिशात होती. सकाळीच घरून घेऊन आले होते. म्हणजे आधी माझ्या मनात द्यायचंच होतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मनात बसचा रस्ता मोजला: आता ती डोंगर उतरली असेल, आता नदीच्या पुलावर असेल. तुझी आई मूठ धरून होती आणि मी तुझे पूल मोजत होते.

अकरा चाळीसला संपलं. मशीन चालूच होतं. हवा येत होती आणि घ्यायला कुणी नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं त्याला नाव नाही. मी मशीन बंद केलं, स्वतःच्या हाताने. त्या वेळी नियम आडवा आला नाही. खण उघडला, मेणबत्ती काढली, पेटवली आणि तिच्या मुठीत बसवली. मूठ तशीच होती, मधे जागा ठेवून. बोटं वळवावीसुद्धा लागली नाहीत. मेणबत्ती अर्धी जळेपर्यंत मी बसून राहिले. तू आलीस तेव्हा काळी वात आणि शालीवर सांडलेलं मेण पाहिलंस, माझ्या गळ्यात पडलीस आणि म्हणालीस, "तू होतीस म्हणून ती उजेडात गेली." ते मेण मी तुझ्यासाठी सांडलं होतं. तिच्यासाठी नाही.

सिस्टर ओर्तान्सांना हे ठाऊक आहे. त्या दिवसापासून पाळी बदलताना मला 'कशी आहेस' म्हणत नाहीत, एवढंच.

मी गप्प राहिले असते, हेही तुला खरं सांगते. तू इटलीत, मी इथे, मावशी मातीत. पण गेल्या शनिवारी मी आपल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या वासिले फादरांकडे गेले. नाव न घेता विचारलं, की कुणी मेणबत्तीवाचून गेलं आणि घरच्यांना ठाऊकच नसेल तर? ते म्हणाले, देव मेणबत्त्या मोजत नाही. मग त्यांच्या बायकोने मला फाटकापर्यंत सोडलं आणि हळूच म्हणाली, "फादर काहीही म्हणोत. चाळीस दिवसांच्या आत पोटच्या लेकीने स्वतःच्या हाताने मेण वळून दिवा द्यायचा, आणि मोठ्याने सांगायचं की ही अंधारात गेली. मग वाट दिसते. दुसऱ्याने वळलेलं चालत नाही." आपल्या आज्या हेच सांगायच्या. तुझी आईही.

म्हणून मी करू शकत नाही. मी केलं असतं, रोज एक वळली असती. पण मी पोटची नाही. तूच हवीस, आणि तुला कळल्याशिवाय तू करणार नाहीस. माझा टॉवेल, माझा मान, तुझी माझी मैत्री, सगळं एका बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला ती मूठ. म्हणून लिहिलं.

अठराला मी पाळी मागून घेतलीये. चर्चमध्ये येणार नाही. निळ्या काठाचा टॉवेल सिस्टरना दे. त्या दारात उभ्या राहायला तयार होत्या. गावात काय सांगायचं ते तू ठरव. कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन, अक्षर न् अक्षर. फोन करावासा वाटला तर कर, शिव्या द्यायला केलास तरी उचलेन. नाही केलास तरी बरण्या पाठवत राहीन. त्या तुझ्याच अंगणातल्या मिरच्यांच्या आहेत, मी फक्त पाणी घालते.

एक गोष्ट राहिली. तू यायच्या आधी मी तिला धुतलं. अंग, केस, नखं, बोटांच्या बेचक्या. चांगलं केलं, व्हियोरिका, ते तरी मला येतं. धुऊन झाल्यावर एप्रनच्या खिशातून दोरा काढला आणि टाळूपासून टाचेपर्यंत तिला मोजली, कारण दिव्याची वात माणसाच्या उंचीची लागते. म्हणजे त्याच दुपारी, तुझी बस फाटकाशी लागायच्या आधीच, मला ठाऊक होतं की तुला हे सांगावं लागणार. तरीही तुला मी 'हो' म्हणाले.

दोरा पाकिटात ठेवलाय. फार लांब नाही. तीही नव्हती. मधे गाठ पडू देऊ नकोस.

जिने तुझ्या आईचं सगळं केलं आणि एक ऐकलं नाही, ती
दोम्निका